ढगात एकट्याने उडताना लक्ष कुठे उडतं, आणि ते जागेवर कसं ठेवायचं

पावसाळा लागला की इंदूरला माझ्याकडे सिम्युलेटरवर सरावाला येणाऱ्यांचं एकच रडगाणं. हात चांगला, रेडिओ चांगला, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं काही न दिसता फक्त इन्स्ट्रुमेंट बघून उडायची परवानगी) ताजं, आणि ढगात शिरून सात-आठ मिनिटं झाली की मी मुद्दाम एक फुटकळ काम देतो, समजा नवीन फ्रिक्वेन्सी किंवा रूटमध्ये एक पॉइंट बदलला, की पोरगं त्या कामात असं घुसतं की विमान २०० फूट खाली आलंय हे मी सांगेपर्यंत त्याला पत्ता नसतो. नंतर विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, झालंच होतं ते, एकच बटण राहिलं होतं."

सगळा घोळ त्या एका बटणात आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की हाती घेतलं ते तडीस न्या, अर्धवट सोडू नका. घरात, शाळेत, ऑफिसात ठीक आहे. ढगात एकटे असाल तर मात्र हातातलं कुठलंही काम मधेच टाकून देता आलं पाहिजे, आणि टाकताना जराही वाईट वाटता कामा नये.

हा लेख ज्यांचं रेटिंग चालू आहे, सेसना १७२ सारखं एका इंजिनाचं छोटं विमान आहे आणि शेजारच्या सीटवर कोणी नाही, अशांसाठी. रेटिंग नसेल तर ढगाच्या वाटेला जायचंच नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून बघितलं होतं, विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुरती तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

## १. आदल्या रात्री, घरच्या टेबलावर

ढगात जे काम करावं लागतं त्यातलं निम्मं खरं तर आदल्या रात्री करता येतं. लोक करत नाहीत, आणि मग चार हजार फुटांवर मांडीवर कागद चाळत बसतात.

सगळ्यात आधी पॉवरचं कार्ड बनवा. एखाद्या स्वच्छ दिवशी तुमच्याच विमानात जाऊन बघा, लेव्हल क्रूझला किती आरपीएम, ९० नॉट्सला लेव्हल राहायला किती, ९० नॉट्सलाच मिनिटाला ५०० फूट खाली यायला किती, आणि त्या प्रत्येक वेळी नाक क्षितिजाच्या किती वर किंवा खाली दिसतं. चार-पाच ओळींचं कार्ड होतं. दुसऱ्याचं कॉपी करू नका, १७२ मध्येही मॉडेलनुसार आकडे बदलतात. हे कार्ड असलं की ढगात थ्रॉटलशी खेळत बसावं लागत नाही, आकडा लावला, ट्रिम केलं (हात न लावता विमान तसंच राहील असं छोटं चाक फिरवून ठेवलं), विषय संपला.

मग चार्ट. ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने, कागदावर प्रिंट काढून. टॅबलेट असला तरी कागद हवाच, कारण ढगाच्या वर आलात की ऊन थेट टॅबलेटवर पडतं आणि तो तापून बंद पडतो, आणि पडतो तेव्हा नेमकं तेच पान उघडं असतं.

उंचीचे आकडे मोठ्याने म्हणून बघा. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर आहे. बडोद्याकडून येणाऱ्याला, जिथे विमानतळ जेमतेम सव्वाशे-दीडशे फुटांवर आहे, तीन हजार हा आकडा ऐकून भरपूर उंची वाटते. इंदूरवर तीन हजार म्हणजे पायाखाली साडेअकराशे फूट. शिवाय इंदूरजवळ महूकडे जानापावची टेकडी आहे.

हवामानाचं थोडक्यात: जुलै-ऑगस्टमधला रिपरिप पावसाचा सपाट ढग वेगळा आणि गडगडाटी ढग वेगळा. सपाट ढगाच्या पोटात गडगडाटी ढग लपलेला असण्याची शक्यता रिपोर्टमध्ये दिसली तर जायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

तपासा: डोळे मिटून उद्याची पहिली १५ मिनिटं क्रमाने सांगता येतायत का? मधे अडकलात तर ढगातही नेमके तिथेच अडकाल.

## २. सीटवर बसल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी

इथे पाच मिनिटं द्या, मागे कोणी हॉर्न वाजवत नाहीये.

पेन्सिल दोन, आणि दोन्ही दोरीने नीबोर्डला (मांडीवर बांधायची लिहायची पाटी) बांधलेल्या. साधी वाण्याच्या पुड्याची सुतळी चालते. कारण पुढे सांगतो. टॉर्च गळ्यात किंवा खिशात, मागच्या सीटवरच्या बॅगेत नाही. पाण्याची बाटली दरवाजाच्या खणात, पायाशी नाही, सुटी बाटली गडगडत रडर पेडलखाली गेली तर काय होईल याचा विचार करा. बॅग मागे पट्ट्याने बांधून टाका आणि उतरेपर्यंत ती आहे हे विसरा.

फोन एअरप्लेन मोडवर. हे सगळे "हो हो" म्हणतात आणि करत नाहीत. हल्ली हेडसेट ब्लूटूथचे असतात आणि फोन त्याला आपोआप जोडला जातो. माझ्या ओळखीतल्या एकाला अप्रोचवर (उतरायला रनवेकडे येताना), कानात, टॉवरच्या आवाजावर थेट आईचा फोन वाजला. बिचारी माउली विचारायला की जेवायला घरी येणार का. तो सांगत होता, तीन रिंग होईपर्यंत हा आवाज कसला हेच कळेना, आणि कळल्यावर फोन खिशातून काढायचा की विमान बघायचं यात गोंधळलो. विमान बघायचं, अर्थात, पण मुळात तो प्रश्नच येऊ द्यायचा नाही.

आणि हो, बाथरूमला जाऊन या. सकाळी पोहे-जलेबीवर दोन कट चहा झालेला असतो, आणि चाळीस मिनिटांनी पोटाकडे गेलेलं लक्षही लक्षच असतं. हसू नका, यावरून घाई करून अप्रोच बिघडवलेले लोक मी बघितलेत.

दोन्ही दरवाजे स्वतः हाताने ढकलून बघा. हे का, ते सहाव्या टप्प्यात.

थांबा: चेकलिस्ट चालू असताना कोणी हाक मारली, रेडिओ आला, काहीही झालं, तर ज्या ओळीवर आहात तिथे अंगठा ठेवा. अंगठा सुटला तर चेकलिस्ट पहिल्यापासून. "बहुतेक इथपर्यंत झालं होतं" हे चालत नाही.

## ३. ढगात शिरण्याच्या पाच मिनिटं आधी

ढग समोर दिसतोय, अजून बाहेरचं दिसतंय, ही शेवटची फुकटची पाच मिनिटं. बहुतेक जण ती ढग बघण्यात घालवतात. क्रम असा ठेवा:

१. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू. पावसाळ्यात इंदूरवर चार-सहा हजार फुटांवर बर्फ होत नाही म्हणून लोक सोडून देतात. ओल आणि पाऊस तर असतोच, आणि सवय लागलेली असली की हिवाळ्यात उत्तरेकडे गेलात तर विसरणार नाही.

२. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलमध्ये कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) एकदा ओढून बघा. २०-२५ अंश तापमान आणि दमट हवा, म्हणजे आपला नेहमीचा पावसाळा, यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ आरामात धरतो.

३. हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारी तबकडी) कंपासशी जुळवून घ्या. नंतरही दर १५ मिनिटांनी, सरळ लेव्हल असतानाच.

४. क्यूएनएच (आल्टीमीटरला, म्हणजे उंचीमापकाला, लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) परत एकदा मोठ्याने वाचा आणि विंडोतला आकडा बघा. पावसाळ्यात इथे दाब बऱ्याचदा कमी असतो. १००३ ऐवजी १०१३ राहिलं तर आल्टीमीटर जवळजवळ ३०० फूट जास्त दाखवतो, म्हणजे तुम्ही तेवढे खाली असता आणि तुम्हाला ते माहीत नसतं.

५. पुढची फ्रिक्वेन्सी स्टँडबायला घालून ठेवा. पुढचा अप्रोच लोड करून ठेवा.

६. ट्रिम.

ट्रिमवर जरा थांबतो, कारण लक्ष विचलित व्हायचं सगळ्यात स्वस्त औषध हेच आहे आणि लोक तेच घेत नाहीत. योक (विमानाचं स्टीअरिंग) घट्ट धरून विमान सांभाळणाऱ्याने लिहायला हात उचलला की विमान जातं. ट्रिम नीट असेल तर विमान तुमच्याशिवायही थोडा वेळ सरळ राहतं.

तपासा: योकवरून हात पूर्ण काढा आणि मनात दहापर्यंत मोजा. उंची ५० फुटांहून जास्त हलली तर अजून ढगात शिरू नका, परत ट्रिम करा.

## ४. ढगाच्या आत: दोन सेकंदांचा नियम

मधे आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय, नाक वर की खाली ते दाखवणारं), तिथून एका इन्स्ट्रुमेंटकडे, परत होरायझन, मग दुसऱ्याकडे, परत होरायझन. हे सगळ्यांना येतं. बिघडतं कधी, तर दुसरं काही काम आलं की.

म्हणून नियम: इन्स्ट्रुमेंट सोडून दुसऱ्या कशाकडेही बघायचं तर जास्तीत जास्त दोन सेकंद. मग वर, इन्स्ट्रुमेंटवरून नजरेची पूर्ण एक फेरी, सगळं जागेवर असेल तरच परत दोन सेकंद. चार्टवरचा एक आकडा वाचायला दोन सेकंद पुरतात. चार आकडे वाचायचे असतील तर चार वेळा बघा. जीपीएसमध्ये नवीन पॉइंटचं नाव घालायचं असेल तर एक अक्षर, वर बघा, दुसरं अक्षर, वर बघा. सुरुवातीला भयंकर हळू वाटतं. वाटू द्या.

दुसरा नियम, जीपीएसची बटणं कधी दाबायची नाहीत: वळणात नाही, चढताना-उतरताना ठरलेल्या उंचीच्या शेवटच्या हजार फुटांत नाही, आणि अप्रोचच्या शेवटच्या टप्प्यात तर नाहीच नाही. मधे काम आलं तर ते तसंच अर्धं सोडा. स्क्रीनवर अर्धवट टाइप केलेलं नाव लुकलुकत राहील, राहू दे.

आता पेन्सिलचं. महूच्या बाजूला होतो, डाव्या हाताला हलकं वळण चालू होतं, नवीन उंची लिहून घेतली आणि पेन्सिल सुटली. उजव्या पेडलच्या पलीकडे गेली. मी वाकलो. फार नाही, चार-पाच सेकंद, बोटांना लागली पण, पिवळी नटराज होती, आणि परत निसटली म्हणून अजून थोडा वाकलो. डोकं वर केलं तर होरायझनवर विमान डावीकडे जवळजवळ ३५ अंश कललेलं, स्पीड १२५ कडे, आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला ८०० फूट. आणि अंग काय सांगत होतं? की सगळं सरळ आहे. काहीही वाटत नव्हतं. मी विमान सरळ केलं तेव्हा उलट वाटायला लागलं की उजवीकडे पडतोय, ते वाटणं जायला मिनिटभर तरी लागलं आणि तेवढा वेळ मी स्वतःशी मोठ्याने म्हणत होतो, "होरायझन खरा, मी खोटा."

असं होतं कारण कानाच्या आतल्या नळ्यांना फक्त वळणातला बदल कळतो. संथ गतीने सुरू झालेलं वळण त्यांना कळतच नाही, आणि एकसारखं वळण चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत त्या गप्प बसतात. वर वळण चालू असताना डोकं पटकन खाली-वर केलं की सगळ्या नळ्या एकदम भलतंच काही सांगायला लागतात. म्हणून सुतळी. आणि सुतळी तुटली तर पेन्सिल गेली असं समजा, दुसरी आहे ना.

थांबा: डोकं वर केल्यावर विमान कललेलं आणि नाक खाली दिसलं तर आधी योक ओढायचा नाही. ओढलं की चक्कर अजून आवळते. पॉवर कमी, मग पंख सरळ, आणि मग हळू नाक वर. याच क्रमाने.

ऑटोपायलट असेल तर लावा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त मग माणसं निवांत होतात आणि टॅबलेटमध्ये दोन-दोन मिनिटं बुडतात. बटण दाबल्यावर पॅनलवर खरंच तो मोड आला का ते वाचा. आणि तो सोडायचं बटण चालतंय का हे जमिनीवरच बघून ठेवायचं.

## ५. रेडिओ

"स्टँडबाय" हा शब्द फुकट आहे, वापरा. कंट्रोलर रागावत नाही. आपल्याकडे कोणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं हा संस्कार आहे, पण वळणात असताना, लेव्हल होत असताना आधी विमान, मग बोलणं. लांबलचक क्लिअरन्स (कंट्रोलची परवानगी) आला आणि अर्धा निसटला तर ऐकलं तेवढं अंदाजाने परत वाचू नका, सरळ परत सांगायला लावा.

लिहिताना शब्द नाही, खुणा. उंचीला बाण आणि दोन आकडे, हेडिंगला तीन आकडे. अक्षर सुंदर काढणाऱ्यांचंच विमान जास्त भरकटतं, हे माझं अगदी वैयक्तिक निरीक्षण.

## ६. काहीतरी बिघडलं तर

बिघाड स्वतः क्वचितच मारतो, बिघाडाकडे बघत बसणं मारतं. १९७२ च्या डिसेंबरात ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१ मायामीजवळ दलदलीत कोसळलं ते याच कारणाने. पुढच्या चाकाचा एक दिवा लागला नाही, कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले, मधे ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. १०१ माणसं गेली. तिथे तिघांचा क्रू होता. तुम्ही एकटे आहात.

दरवाजा उघडला: १७२ चा दरवाजा हवेत उघडला तर दोन-चार इंच उघडा राहतो, वारा आत येतो, आवाज प्रचंड होतो, कागद उडतात. विमान मात्र मजेत उडतं. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस तो बंद करायला अंग वळवतो, एक हात योकवर, तो नकळत खेचला जातो, आणि मग खरा प्रॉब्लेम सुरू. राहू दे उघडा. उतरल्यावर बंद करा.

व्हॅक्यूम पंप गेला: गोल डायलच्या जुन्या विमानात होरायझन आणि हेडिंग इंडिकेटर बहुतेक यावर चालतात, आणि ते एकदम मरत नाहीत, हळूहळू लोळतात, आणि तुम्ही भाबडेपणाने त्यांच्यामागे विमान कलवत जाता. म्हणून फेरीत टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं इन्स्ट्रुमेंट) रोज घ्या, तो विजेवर चालतो. दोघं वेगळं सांगायला लागले तर व्हॅक्यूमचा गेज बघा, आणि होरायझन गेला असेल तर त्यावर चिकटणारी चिठ्ठी लावून झाकून टाका. पिवळ्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा नीबोर्डला असू द्या. न झाकता "दुर्लक्ष करीन" म्हणणारे दुर्लक्ष करू शकत नाहीत, डोळा तिकडे जातोच.

बाकी कुठलाही दिवा, वास, खडखड: पंख सरळ, उंची धरली, ट्रिम केलं, एक पूर्ण फेरी, आणि मग दिव्याकडे दोन सेकंद. खरा धूर किंवा आग सोडली तर आकाशात दहा सेकंद थांबू न शकणारं जवळपास काही नसतं. गरज पडली तर कंट्रोलला सांगा की मला सरळ हेडिंग द्या, वळणं नकोत. मागितलं की मिळतं.

## ७. अप्रोच

इथे मला फार सांगायचं नाहीये कारण वरचं केलं असेल तर इथे करायला काही उरत नाही, आणि तेच हवंय. सगळं ब्रीफिंग उतरायला लागायच्या आधी, लेव्हल असताना. इंदूरच्या रनवे २५ चं आयएलएस (रनवेकडे नेणारे रेडिओ सिग्नल) पकडायच्या आधी फ्रिक्वेन्सी, तिची ओळख, कोर्स, मिनिमम्स (रनवे दिसला नाही तर जिच्याखाली जायचं नाही ती उंची) आणि मिस्ड अप्रोचची (न उतरता परत वर जाण्याची) पहिली दोन पावलं मोठ्याने. एकटे असलात तरी मोठ्याने, मनात वाचलेलं निसटतं.

लोकलायझर (आयएलएसचा डावं-उजवं दाखवणारा सिग्नल) पकडल्यानंतर फक्त पॉवरकार्ड, सुया आणि उंची. काही राहिलं असेल आणि त्याशिवाय उतरता येत असेल, तर ते राहिलं. त्याशिवाय उतरता येत नसेल, तर धावपळ करत घुसवायचं नाही, मिस्ड घ्यायचा आणि वर जाऊन नीट करायचं.

तपासा: जमिनीपासून १००० फूट. सुया मधे, स्पीड ठीक, चेकलिस्ट झालेली. तिन्हीतलं एक जरी नाही, तर वर.

## ८. परत वर जाताना

सगळ्यात जास्त गर्दी इथे होते आणि सगळेजण आधी माइक दाबतात. चूक. फुल पॉवर, नाक वर, पंख सरळ, उंची खरंच वाढतेय ना ते आल्टीमीटरवर बघितलं, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने, मग जीपीएस, आणि सगळ्यात शेवटी बोलणं. पॉवर दिल्यावर वेग वाढतो तेव्हा नाक फारच वर गेलंय असं अंगाला वाटतं आणि हात आपोआप योक पुढे ढकलतो. तेव्हा हाताचं ऐकायचं नाही, होरायझनवरचे अंश बघायचे.

## ९. घरी करायचा सराव

सिम्युलेटर लागत नाही. खुर्ची, समोर पॅनलचं प्रिंट, मांडीवर नीबोर्ड. फोनवर दर दोन सेकंदांनी टिक करणारा मेट्रोनोम लावा आणि तुमच्या रूटचे आकडे चार्टवरून लिहून काढा, पण एका टिकला फक्त एक नजर खाली, पुढच्या दोन टिक पॅनलवर. दहा मिनिटं. मग घरातल्या कोणाला तरी सांगा की मधेच काहीतरी विचार, भाजीचा हिशोब, कोणाचा वाढदिवस, काहीही. तुम्ही "स्टँडबाय" म्हणायचं, फेरी पूर्ण करायची आणि मगच उत्तर द्यायचं. माझी बायको याला इतकी सरावलीय की हल्ली मी दूध आणायला सांगितलं तर तीच मला स्टँडबाय म्हणते.

त्याच्यानंतर विमानात, हूड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) लावून, शेजारी सेफ्टी पायलट (बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक) घेऊन. त्याला सांगून ठेवा की कधीतरी, न सांगता, पेन्सिल खाली टाक. तुम्ही वाकलात तर त्या दिवशीचा सराव संपला, विमान त्याच्या हातात. नुसती नजरसुद्धा तिच्या मागे गेली नाही असं सलग तीन उड्डाणांत झालं की मग एकट्याने ढगात जायचा विचार करा.